जरा हात लावता का?

जबलपुरात तोफा बनतात, दारूगोळा बनतो, लष्कराचे ट्रक बनतात आणि हे सगळं बनवणारी माणसं वयाच्या साठाव्या वर्षी, महिन्याच्या शेवटच्या तारखेला, संध्याकाळी एकदम मोकळी होतात. बाकीची शहरं पाणी, कचरा आणि वाहतुकीची काळजी करतात. आमच्या गावाची खरी काळजी हे मोकळे हात आहेत.

गन कॅरेज फॅक्टरी १९०४ची. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत खमरियाची आयुध निर्माणी आली, १९६९ साली व्हेइकल फॅक्टरी. शक्तिमान ट्रक इथला, जोंगा जीप इथली, अलीकडची धनुष तोफही इथलीच. १८१७पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता, त्यामुळे मराठी माणूस इथे आधीपासून होताच. कारखान्यांनी विदर्भातून आणखी आणला. हा माणूस पस्तीस वर्षं इंचाच्या हजाराव्या भागाशी भांडतो आणि मग निवृत्त होतो. भाजीबाजारात गेला की भेंडीचा व्यास बघतो. पोळी गोल आहे की नाही हे तो डोळ्यांनी सांगत नाही, कॅलिपर मागतो.

निरोप समारंभात त्याला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळतं. घड्याळ नेमकं बरोबर चालतं, म्हणजे तिथेही काम उरत नाही. पहिल्या महिन्यात घरातले सगळे नळ दुरुस्त होतात. दुसऱ्या महिन्यात शेजाऱ्यांचे. तिसऱ्या महिन्यात चांगला चाललेला मिक्सर उघडला जातो आणि घरात वादाला तोंड फुटतं. मग कुणी ग्वारीघाटावर नर्मदेच्या आरतीला जायला लागतो, कुणी गृहनिर्माण संस्थेचा सचिव होतो, आणि काही मोजके लोक जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घेतात. माझं ठाम मत आहे की या तिसऱ्या जमातीनेच खरा मार्ग शोधला. पूर्णवेळ, आजन्म आणि निवृत्तीचं वय नसलेली नोकरी देणारं दुसरं यंत्र मला माहीत नाही. पगार उलट्या दिशेने जातो, एवढीच काय ती गोष्ट.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार मागच्या बाजूचा आहे. मी या गाड्यांचा मालक नाही, चालक तर नाहीच. मी धक्का देतो. सकाळी फोन वाजतो आणि पलीकडून आवाज येतो, "काही नाही रे, इकडून जाऊन राहिला असशील तर जरा हात लाव." मी इकडून जात नसतो. तरी जातो. पुढून या गाड्या कशा दिसतात हे इतरांनी लिहावं. त्यांचा मागचा भाग, नंबरपाटी आणि धुराचा रंग यांचा माझ्याइतका अभ्यास जबलपुरात कुणाचा नसेल.

माझ्या ओळखीत असे दोन मालक आहेत. एक आमचे काका. नात्याने काका नव्हेत, पण गल्लीतल्या सगळ्यांचे काका. कारखान्याच्या टूलरूममधून फोरमन म्हणून निवृत्त. दुसरे हायकोर्टातले एक वकीलसाहेब. १९५६ साली नवं मध्य प्रदेश राज्य झालं, हायकोर्ट जबलपूरला आलं आणि नागपूरहून त्यामागे जी वकील घराणी आली, त्यांतलं एक यांचं. काकांकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे आणि वकीलसाहेबांकडे एमजी टीसी. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. दोघांचा मिस्त्री एकच आहे.

आता जाणकार वाचक म्हणेल की हेराल्ड ही स्पोर्ट्स कार कधीपासून झाली? हाच प्रश्न वकीलसाहेब गेली कित्येक वर्षं विचारत आहेत. हेराल्ड म्हणजे मद्रासला बनणारी साधी घरगुती गाडी. डॉक्टर, प्राध्यापक, फार तर तालेवार व्यापारी हिच्यातून फिरायचे. पण काकांकडे उत्तर तयार असतं आणि ते खोटं नाही. विलायतेत १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड निघाली, तिची आखणी जोव्हान्नी मिकेलोत्ती या इटालियन कारागिराची. तिचीच चासी आखूड करून १९६२ साली त्याच मिकेलोत्तीने ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार काढली. म्हणजे स्पिटफायर ही हेराल्डची सख्खी धाकटी बहीण. आता बहीण इतकी नावाजलेली असताना थोरलीला मोलकरीण का समजायचं, असं काकांचं म्हणणं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. हेराल्डचं छप्पर बाकी गाड्यांसारखं अंगाला जोडलेलं नसतं, ते बोल्टांवर बसवलेलं असतं. ज्या दिवशी काकांना हे कळलं त्या दिवशी दुपारी छप्पर माळ्यावर गेलं आणि बोल्ट लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. काकूंनी फक्त विचारलं, "आणि पाऊस?" जबलपूरला सरासरीने वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. काका म्हणाले, "पाऊस तर चारच महिने असतो."

वकीलसाहेबांची टीसी दिसायला खरी साहेबीण. १९४५ ते १९४९ या काळात अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात अशा सुमारे दहा हजार गाड्या बनल्या. मोठी तारांची चाकं, पंखांसारखे मडगार्ड, पुढची काच पुढे पाडून आडवी करता येते, दारं उलटी उघडतात. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच सरकारने तयार गाड्यांच्या आयातीचं दार जवळजवळ बंद केलं, म्हणून आपल्या देशात अशा गाड्या मोजक्याच आल्या. ज्या आल्या त्या राजे, मळेवाले आणि छावणीतले साहेब यांच्याबरोबर. ही कुठून आली ते वकीलसाहेब दर वेळी वेगळं सांगतात. पुरावा मागितला की "तो मुद्दा प्रलंबित आहे," म्हणतात.

पण या साहेबिणीचं काळीज देशी आहे. टीसीचं मूळ १२५० सीसीचं इंजिन पूर्वीच्या मालकाच्या काळातच बसलं आणि त्याजागी अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन बसवलं गेलं. त्या काळात अशी शस्त्रक्रिया देशभर सर्रास होत असे. मूळ इंजिन वकीलसाहेबांच्या व्हरांड्यात, पक्षकारांच्या बाकाखाली, पोत्याने झाकलेलं पडून होतं. काका येता-जाता म्हणायचे, "एमजी कसली, टॅक्सी आहे टॅक्सी."

यावर वकीलसाहेबांनी जो युक्तिवाद उभा केला तो मी प्रत्यक्ष ऐकला आहे आणि हायकोर्टात याहून कच्च्या युक्तिवादावर माणसं सुटलेली आहेत. ते म्हणाले: एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिस यांचं दुकान. अ‍ॅम्बेसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. म्हणजे दोन्ही मॉरिसच्याच लेकी, कूळ एक. शिवाय अ‍ॅम्बेसेडरमध्ये जे १४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन होतं, तेच इंजिन दोन कार्बोरेटर लावून १९५५ साली एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये बसवलं होतं. "तेव्हा माझ्या गाडीचं अंगही एमजीचं आणि इंजिनही एमजीचं. फक्त पिढी वेगळी. तुमच्या गाडीचं काय? तुमची तर नुसती बहीण स्पोर्ट्स कार आहे."

काका दोन दिवस जेवले नाहीत असं काकू सांगतात. अतिशयोक्ती असेल. पण रात्री रेडिएटर उघडून बसले होते हे मी पाहिलं आहे.

मला मात्र या युक्तिवादातली एक गोष्ट फार भावली. आपल्या देशात कित्येक दशकं ज्या इंजिनाने मंत्री वाहिले, लग्नाची वऱ्हाडं वाहिली, स्टेशनवरून सात-सात माणसं आणि डोक्यावर होल्डॉल वाहिले, ते इंजिन तिकडे विलायतेत पोरंपोरी फिरवत होतं. इतकी वर्षं आपण स्पोर्ट्स कारमध्ये बसलो होतो आणि कुणी सांगितलं नाही.

गुणांबद्दल बोलायचं तर एकच पुरे. डिसेंबरातली सकाळ, भेडाघाटचा रस्ता आणि छप्पर नसलेली गाडी. या गाड्यांत माणूस इतका खाली बसतो की शेजारून जाणाऱ्या ट्रकच्या चाकाचे नट कानाच्या पातळीवर फिरतात. ताशी पन्नासला दीडशेचा थरार मिळतो आणि तो पन्नासच्या पेट्रोलमध्ये मिळतो. आजच्या गाडीत काचा वर करून बसलं की बाहेरचं जग टीव्हीवर चाललेलं असतं. इथे खव्याच्या जिलेबीचा वास येतो, कुत्रा भुंकला तर आपल्यावरच भुंकतो, आणि मदनमहालच्या टेकड्यांवरून आलेला गार वारा थेट बनियनमध्ये शिरतो. स्टिअरिंगला रस्त्यातला प्रत्येक खडा कळतो. काका वळण घेताना शरीरही वळवतात. तसं केलं नाही तर गाडी वळत नाही असा त्यांचा समज आहे. हेराल्ड वळते मात्र झकास. पंचवीस फुटांच्या वर्तुळात ती पूर्ण फिरते, रिक्षावाले थांबून बघतात.

बघण्यावरून आठवलं. रसेल चौकात पन्नास लाखांची जर्मन गाडी उभी राहिली तर लोक आपला मोबाईल बघतात. ही उभी राहिली की मात्र आधी पोरं येतात, मग हवालदार येतो, "अंग्रेजों के टाइम की है क्या?" असं विचारतो आणि चलान करायचं विसरतो. मग हमखास एक गृहस्थ येतात ज्यांच्या आजोबांकडे हीच गाडी होती. हीच, याच रंगाची. आजोबांनी ती पाचशे रुपयांना विकली. मला कधी कधी वाटतं की जबलपुरात जितक्या आजोबांकडे एमजी होत्या, तितक्या त्या अ‍ॅबिंग्डनला बनल्याच नव्हत्या.

हल्ली या गर्दीत एक नवं पात्र दाखल झालंय. विशी-बाविशीचा पोरगा नाकावरचं चिन्ह वाचतो आणि आदराने विचारतो, "अंकल, एमजी? हेक्टर का पुराना मॉडल है?" वकीलसाहेबांचा चेहरा अशा वेळी बघवत नाही. पण पोराची चूक नाही. अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८०मध्ये बंद पडला, नाव फिरत फिरत चिनी कंपनीकडे गेलं, आणि २०१९पासून गुजरातेत हालोलला त्या नावाच्या मोठमोठ्या गाड्या बनतात. जग्वार २००८पासून टाटांची आहे. ट्रायम्फचं नाव घेतलं तर आज पुण्याकडचा माणूस चाकणला बजाजकडे बनणारी मोटरसायकल दाखवेल. विलायतेतल्या गाड्यांची नावं आता जगभर वाटली गेली; साहेबाकडे उरली ती हौस आणि गळणारं तेल.

तेलाबद्दल सांगितलंच पाहिजे. त्या काळच्या बऱ्याच ब्रिटिश इंजिनांत मागच्या बाजूला तेल अडवायला रबरी सील नसायचंच. क्रँकशाफ्टवर आट्यांची खाच कोरलेली असे. शाफ्ट फिरला की ती तेल आत ओढून घेणार. फिरत असताना ठीक. गाडी उभी राहिली की तेलाला आत राहायचं काही कारण उरत नाही. म्हणून या गाड्या जिथे उभ्या राहतात तिथे सही करून जातात. काका गाडीखाली काकूंची जुनी परात ठेवतात, सकाळी तेल मापाने मोजतात, वहीत लिहितात, गाळतात आणि परत इंजिनात ओततात. आदल्या दिवसापेक्षा कमी भरलं तर आनंद होत नाही, काळजी वाटते: आत उरलंय की नाही?

विजेचा कारभार हे वेगळंच प्रकरण. तिकडचे गाडीवाले वायरिंग आणि दिवे पुरवणाऱ्या जोसेफ लुकास यांना प्रेमाने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत आले आहेत. त्यात त्या पिढीच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीची धन बाजू बॉडीला जोडलेली असते, म्हणजे आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. वकीलसाहेबांच्या पुतण्याने हे न विचारता मोबाईलचा चार्जर जोडला. चार्जर गेला, मोबाईल गेला आणि पुतण्या इंजिनिअरिंग सोडून कॉमर्सला गेला. रात्री परतायची वेळ आली तर माझी नेमणूक पुढच्या सीटवर टॉर्च धरून होते. समोरून ट्रक आला की मी टॉर्च खाली करायचा. त्याला डिपर म्हणतात.

विद्युत पेट्रोलपंपाचं औषध तर शास्त्रशुद्ध आहे. त्यातले पॉइंट चिकटतात, टकटक बंद होते, गाडी थांबते. खाली उतरून पंपाला चपलेने दोन हाणायच्या, पुन्हा टकटक सुरू. हे काही आमचं देशी शहाणपण नाही. विलायतेतही हाच उपाय करतात, फक्त तिथे हातोडीची मूठ वापरत असावेत. उन्हाळ्यात पारा त्रेचाळीसवर गेला की पेट्रोल नळीतच उकळतं आणि वाफ अडकून बसते. त्यावर ओलं फडकं. वकीलसाहेबांच्या गाडीत कायद्याची पुस्तकं नसतील, पण चप्पल, फडकं आणि पाण्याची पाच लिटरची कॅन असते. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. काकांनी सगळ्या नळ्या बदलल्या. कोल्हापूर-सांगलीकडच्या उसाचा आपल्याशी असा संबंध येईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

टीसीची एक व्यथा मात्र अस्सल भारतीय आहे. तिच्या पत्र्याखालचा सांगाडा अ‍ॅश जातीच्या लाकडाचा असतो. पावसाळ्यानंतर एका दारातून बारीक भुसा पडायला लागला. मिस्त्रीने कान लावून ऐकलं आणि गंभीरपणे म्हणाला, "साहब, इसको मेरी नहीं, पेस्ट कंट्रोल वाले की ज़रूरत है।" गाडीला वाळवी. विमा कंपनीच्या फॉर्मवर अपघाताचं कारण लिहायला एवढासा रकाना असतो. वकीलसाहेबांनी पुरवणी जोडली.

गतिरोधकांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण रक्तदाब वाढतो. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणते, गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. आमच्या कॉलनीत ज्यांनी घातले त्यांनी उंची आणि रुंदी यांची अदलाबदल केली असावी. काका तिरपे चढवतात, एकेक चाक, आणि मी उतरून बाजूने चालतो. मी आधी पोचतो.

एवढं सगळं असूनही या गाड्या चालतात, याचं श्रेय जबलपूरला आहे. पुण्या-मुंबईचा मालक सुटा भाग हवा असला की विलायतेतून मागवतो, कस्टमवाल्यांशी भांडतो आणि तीन महिने वाट बघतो. आमच्याकडे तो भाग कुणीतरी बनवतो. प्रत्येक गल्लीत एक निवृत्त टर्नर आहे, एक फिटर, एक मोल्डर, आणि कुणाच्या तरी मागच्या अंगणात शेडखाली लेथ. बुश हवा? तासाभरात. आट्या गेल्या? कापून मिळतील. तोफेच्या गाड्याचा हिशेब ज्यांनी सांभाळला त्यांना हेराल्डच्या एक्सलचं काय? हेराल्डची मागची चाकं मधल्या सांध्यावर स्वतंत्रपणे हलतात, आणि त्यांचे आखूड एक्सल तुटणं हे या गाडीचं जुनं दुखणं. काकांच्या गाडीचे दोन्ही एक्सल आता त्यांच्या मित्राने घडवलेले आहेत. ते तुटणार नाहीत. गाडी तुटेल, असं तो मित्र सांगतो.

टीसीचं मूळ इंजिन काकांच्या शेडमध्ये पहिल्यांदा उघडून पाहिलं तेव्हा या मंडळींचा जो चेहरा झाला तो विसरता येणार नाही. नटाच्या डोक्याला व्हिटवर्थचा पाना बरोबर बसत होता. जोसेफ व्हिटवर्थ म्हणजे ज्याने १८४१ साली आट्यांचं पहिलं प्रमाण मांडलं आणि पुढे तोफाही बनवल्या. आमच्या गावात त्याला देवाचं स्थान आहे. पण बोल्ट बाहेर काढून मोजला तर आटे मेट्रिक! इंग्लंडात, १९४०च्या दशकात, मेट्रिक! मंडळी चक्रावली. त्याचं कारण मजेशीर आहे. मॉरिसने पहिल्या महायुद्धानंतर कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच तोफा-बंदुकावाल्यांचा कारखाना विकत घेतला. यंत्रं सगळी फ्रेंच मापाची. ती कोण बदलणार? म्हणून आटे फ्रेंच ठेवले आणि इंग्रज मिस्त्र्यांचे पाने बसावेत म्हणून डोकी इंग्रजी ठेवली. हे ऐकून एक निवृत्त फिटर बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे तिथे बी आपल्यासारखंच काम चालत होतं तर."

पण हे इंजिन काकांच्या शेडमध्ये आलंच कसं, हे सांगायला एका लग्नाकडे वळावं लागेल.

वकीलसाहेबांच्या भाच्याचं लग्न होतं, मे महिन्यात, गोरज मुहूर्तावर. नवरदेव घोडीऐवजी टीसीमधून जाणार असं ठरलं. गाडी दोन माणसांची, त्यामुळे करवलीला जागा नाही, यावरून घरात पहिला खटका. वरात निघाली. बँडचा वेग ताशी दीड किलोमीटर, आणि हवा मिळाली तरच गार होणारं इंजिन. थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफ निघाली. बँडवाल्यांना ती खास लग्नासाठी केलेली धुराची सोय वाटली. मग गाडी बंद पडली. गाडी थांबली म्हणजे नाचायला थांबली, असा समज होऊन वऱ्हाडी दुप्पट जोराने नाचू लागले. सांगायला गेलेल्या मामांना त्यांनी उचलून खांद्यावर घेतलं.

चपलेचा उपाय झाला, फडकं झालं. वधूपक्षाने स्वागताला आणलेलं थंड पन्हं रेडिएटरमध्ये ओतावं असं कुणी सुचवलं, त्यावर दोन्ही पक्षांत चर्चा झाली. गुरुजींचा फोन आला: मुहूर्ताला वीस मिनिटं. आणि त्या क्षणी मागून, छप्पर नसलेल्या हेराल्डमधून, फेटा बांधलेले काका आले.

काका एक शब्द बोलले नाहीत. मांडवाचा दोर आणला, एक टोक हेराल्डला, दुसरं टोक टीसीला. जबलपूरच्या इतिहासात स्पिटफायरच्या थोरल्या बहिणीने एमजीला भर रस्त्यात ओढत नेलं, हे ज्यांनी पाहिलं त्यांत मी आहे. काकांनी आरसा नीट केला. रस्ता दिसावा म्हणून नव्हे, वकीलसाहेबांचा चेहरा दिसावा म्हणून. दोनशे पावलं गेली असतील. मग हेराल्डच्या पोटातून एक उसासा आला आणि तीही उभी राहिली.

पुढचं काम माझ्या खात्यातलं. "जरा हात लावा," मी ओरडलो आणि दोन गाड्या, मध्ये दोर, मागे शंभर माणसं असा लवाजमा निघाला. वरपक्ष आणि वधूपक्ष त्या लग्नात प्रथमच एका दिशेने जोर लावत होते. नवरदेव उतरू लागला तर वरमाईने दटावलं, "मुंडावळ्या बांधल्यावर धक्का मारायचा नसतो." हे कोणत्या शास्त्रात आहे ते गुरुजींनाही सांगता आलं नाही. मुहूर्त मात्र गाठला.

त्या रात्री जेवणाच्या पंगतीत काका आणि वकीलसाहेब शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी पक्षकारांच्या बाकाखालचं इंजिन हातगाडीवरून काकांच्या शेडमध्ये आलं. यात मैत्रीचा भाग किती आणि कायद्याचा किती, हे सांगणं कठीण आहे. झालं असं की २०२१च्या जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात 'व्हीए' अशी खास अक्षरं. अट एकच: चासी, बॉडी आणि इंजिन मूळचं हवं, त्यात मोठा फेरफार नको. आता एकाचं इंजिन परकं आणि दुसऱ्याचं छप्पर माळ्यावर. दोघेही एकाच नियमात सापडले. वकीलसाहेब छपराची बाजू मांडतील आणि काका इंजिन जिवंत करतील, असा तह ठरला.

तो नियम लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र माझा नमस्कार. अशी गाडी रोज वापरता येणार नाही, धंद्याला लावता येणार नाही; रस्त्यावर आणायची ती प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, विंटेज रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच. या बाबाच्या घरी नक्की एखादी एमजी असणार. पेट्रोल भरणं आणि देखभाल याखेरीज या गाड्या दुसरं काय करतात? काका आता गोरखपूर बाजारात कोथिंबीर आणायला निघाले तरी सांगतात, "तांत्रिक संशोधनाला चाललोय."

काकूंना मी एकदा सरळ विचारलं, हा सगळा पसारा तुम्ही चालवून कसा घेता? तेल अंगणात, बोल्ट बरणीत, परात गेली, पेन्शनीतला केवढा तरी भाग त्या शेडमध्ये जातो. काकू तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "रिटायर झाले तेव्हा तीन महिने घरात होते. माझ्या पोळ्या मोजून राहिले होते. मीच त्यांना म्हटलं, घ्या ती गाडी."

काम सुरू आहे. मिस्त्रीला विचारलं की तो म्हणतो, "हओ दादा, बन जाएगी। बस सामान आ जाए।" बरंचसं सामान लेथवर होतं, पण काच लेथवर होत नाही. तेव्हा वाचकांना विनंती: तुमच्याकडे माळ्यावर, गॅरेजात किंवा एखाद्या काकांच्या जुन्या ट्रंकेत हेराल्डच्या मागच्या दिव्याची डावी लाल काच असेल, तर भंगारवाल्याला द्यायच्या आधी संपादकांकडे कळवा. टीसीचा मूळ पेट्रोलपंप असेल तर तोही चालेल, चिकटलेला असला तरी चालेल. चप्पल आमच्याकडे आहे.